पटावर नाव, घरात शाळा

नवीन जालन्यातल्याच काय, महाराष्ट्रातल्या शिक्षण हक्क कायदा लागू असलेल्या कुठल्याही शाळेला आठवीपर्यंतच्या मुलाला काढून टाकता येत नाही. त्या कायद्याच्या सोळाव्या कलमात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. 2019 साली नापास न करण्याचं धोरण बदललं, तेव्हाही मुलाला शाळेतून काढण्याची मनाई तशीच राहिली. म्हणून मुलाला बाहेर घालवण्याची एक वेगळी रीत पडली आहे. पालकांना बोलावून घेतात, खुर्ची देतात, पाणी विचारतात. मग मऊ आवाजात सांगतात, की वर्गात साठ मुलं आहेत, तुमचा मुलगा जागेवर बसत नाही, दुसऱ्यांना बसू देत नाही, वाचायला उभं केलं की रडतो नाहीतर मारामारी करतो. त्याला वैयक्तिक लक्ष लागेल, ते आमच्याकडे होणार नाही. शेवटी एक कोरा कागद पुढे सरकतो. ‘तुम्हीच अर्ज द्या, म्हणजे टीसीवर काही वाईट शेरा नको.’ दाखल्यावर शाळा सोडण्याच्या कारणापुढे लिहिलं जातं : पालकांच्या विनंतीवरून.

त्या दिवसापासून कागदोपत्री या मुलाला कुणीच काढलेलं नसतं. इंग्लंडमध्ये शाळांची तपासणी करणाऱ्या ऑफस्टेड या यंत्रणेने ‘ऑफ-रोलिंग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकाराची व्याख्या केली आणि तपासणीत त्याची दखल घ्यायला सुरुवात केली. मुलाच्या हितासाठी नव्हे, तर शाळेच्या सोयीसाठी त्याचं नाव पटावरून गाळणं, अशी ती व्याख्या. आपल्याकडे व्याख्या नाही, त्यामुळे मोजदादही नाही. आई-वडील दुसरी शाळा शोधतात, तिथेही वर्षभरात तेच होतं, आणि मग एक दिवस आई म्हणते, राहू दे, मी घरीच शिकवते. महानगरांतल्या परिषदांमध्ये ज्याला होमस्कूलिंग म्हणतात, ते जालन्यासारख्या शहरात बहुतेकदा असं घरात येतं. महानगरांत पालकांनी विचारपूर्वक निवडलेला तो पर्याय असतो. इथे सगळे दरवाजे लागून झाल्यावर उरलेली ती एक खोली असते.

कुंडलिका नदीने शहराचे दोन भाग केले आहेत. एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवीन जालना. सदर बाजार, मामा चौक, व्यापाऱ्यांच्या पेढ्या, बियाण्यांची आणि लोखंडाची दुकानं हा नवीन जालन्याचा संसार. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण इथल्या पेठेने कमावलेली आहे. 1964 साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको कंपनी इथे सुरू केली आणि जालना बियाण्यांचं गाव म्हणून देशभर ओळखलं जाऊ लागलं. पुढे सळया तयार करणाऱ्या गिरण्या आल्या, त्यांच्यामागे उत्तर भारतातले कामगार आले. घरात मारवाडी, गल्लीत हिंदी, भाजीबाजारात मराठी, शेजारी उर्दू आणि शाळेच्या दप्तरात इंग्रजी, असं बालपण इथल्या शेकडो मुलांचं आहे. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

अशा मुलाच्या आईचं पहिलं वाक्य सगळीकडे सारखंच असतं. तोंडी विचारा, सगळं येतं. पेपरात लिहीत नाही.

हे वाक्य फार जुनं आहे. 1896 च्या नोव्हेंबरात डब्ल्यू. प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये चौदा वर्षांच्या पर्सी नावाच्या मुलाची हकिगत छापली. मुलगा हुशार, खेळात चपळ, पण वर्षानुवर्षं शिकवूनही त्याला वाचता येत नव्हतं. स्वतःचं नाव लिहितानाही तो मधल्या अक्षरांची अदलाबदल करायचा आणि ती त्याच्या लक्षात येत नसे. त्याच्या मास्तरांचं म्हणणं मॉर्गनने नोंदवून ठेवलं आहे : सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली. वाचनाची ही अडचण, म्हणजे डिस्लेक्सिया, डोळ्यांत नसते, बुद्धीत नसते, आईच्या लाडात तर नसतेच. ऐकलेला आवाज आणि पाहिलेली खूण यांची गाठ मेंदूत पटकन बसत नाही. बसते, पण उशिरा, आणि वेगळ्या तऱ्हेने शिकवल्यावर. एवढी साधी गोष्ट अजून शाळेच्या स्टाफरूमपर्यंत पोचलेली नाही, याचं मला वाईट वाटतं.

मराठीतून शिकणाऱ्या मुलाच्या वाटेत आणखी काही खाचखळगे आहेत. इंग्रजीतल्या बी आणि डीच्या आरशातल्या गोंधळावर सगळे बोलतात, ‘तारे जमीन पर’मुळे तो घराघरांत माहीत झाला. देवनागरीतला गोंधळ निराळा. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ही जोडगोळी तर आहेच. पण ‘कि’ घ्या. तोंडात क आधी येतो, इकार नंतर. कागदावर वेलांटी आधी काढायची, क नंतर. ‘सूर्य’मधला र उच्चारात य च्या आधी आहे, पण लिहिताना तो य च्या डोक्यावर चढून बसतो. ‘चक्र’मध्ये तोच र खाली जातो, ‘ट्रक’मध्ये त्याचं रूप पुन्हा बदलतं. बाकीच्या मुलांच्या हाताला हे सगळं सहज वळण पडतं. पाच-दहा टक्के प्रयत्नात ज्याचं भागतं त्याला कळतही नाही, की शेजारच्या बाकावरचा मुलगा याच ओळीसाठी घामाघूम झाला आहे.

आकड्यांचं तर विचारूच नका. त्रेसष्ट म्हणताना आधी तीन ऐकू येतो, मग साठ. लिहायचं मात्र आधी सहा. ज्याच्या डोक्यात आवाज आणि खूण यांची गाठ आधीच सैल आहे, तो ऐकल्याप्रमाणे लिहितो आणि 36 होतात. वर एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास : नाव पुढच्या दशकाचं, अंक मागच्या दशकाचा. 2019 च्या जूनमध्ये बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची रीत आणली, तेव्हा विधानसभेपासून नाक्यापर्यंत टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या, की उलटा क्रम आणि जोडाक्षरं यांनी लहान मुलं बिचकतात, गणिताची भीती तिथून सुरू होते. दक्षिणेतल्या भाषांत दशक आधी येतो, इंग्रजीतही येतो. जर्मन भाषेत मात्र मराठीसारखाच उलटा क्रम आहे आणि तिथेही मुलं हीच चूक करतात. मराठीच्या अस्मितेवर आघात झाला म्हणून ज्यांनी ओरड केली, त्यांच्यापैकी किती जणांनी अशा एखाद्या मुलाशेजारी बसून पाहिलं असेल? माझं मत नारळीकरांच्या बाजूचं आहे. जुनी नावं टिकवा, पण पहिली दोन वर्षं मुलाला ‘साठ तीन’चा आधार घेऊ द्या.

असं एक मूल मी जवळून पाहिलं. सदर बाजाराच्या मागच्या अंगाला वडिलांचं कृषी सेवा केंद्र, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड. मुलगा नऊ वर्षांचा. दोन इंग्रजी शाळा करून तो घरी आलेला. सकाळी दहाला वडील खाली दुकानात जातात, आजी पोथी घेऊन खिडकीशी बसते आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशेजारी सतरंजीवर शाळा भरते. स्टीलच्या मोठ्या ताटात बोटभर जाडीचा रवा पसरलेला. आई म्हणते, ‘कि’. मुलगा मोठ्याने म्हणतो, ‘क्‌… इ… कि’. मग उजव्या हाताचं बोट रव्यात घालून आधी क काढतो, डाव्या बाजूला मुद्दाम जागा सोडतो, आणि मग सावकाश त्या जागेत वेलांटी आणून तिची कमान क वर टेकवतो. काढताना पुन्हा तोंडाने आवाज. ताट हलवून पुसतो. पुन्हा. डोळ्यांनी पाहायचं, कानांनी ऐकायचं, तोंडाने म्हणायचं आणि बोटाने गिरवायचं, हे चारही एकाच वेळी. अमेरिकेत 1930 च्या दशकात सॅम्युएल ऑर्टन या मेंदुविकारतज्ज्ञाने आणि ॲना गिलिंगहॅम या शिक्षिकेने बसवलेली ही पद्धत आज जगभर वापरली जाते. या आईने ती यूट्यूबवर पाहिली. वाळूऐवजी रवा, कारण घरात तो होता.

सात-आठ मिनिटं झाली, की मुलाचे पाय हलायला लागतात. आई रागवत नाही. ‘जा, दोन कळश्या गच्चीवर ठेवून ये.’ तो पायऱ्या चढत धावतो, भरल्या कळश्या नेतो, दम लागलेला परत येतो आणि पुढची सात मिनिटं बसतो. अंगाला जोर लागला, की मन थोडा वेळ थाऱ्यावर येतं, हे तिला एका थेरपिस्टने एकदाच सांगितलं होतं. जालन्यात नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे कळश्या भरलेल्या असतातच.

आजीला हे पटत नाही. ‘काहून पोराच्या मागं लागली गं सकाळपासून? आपोआप येईल की.’ आई उत्तर देत नाही. एक शब्द झाला, दुसरा घेते.

दुपारी मुलगा खाली दुकानात गेला. खरिपातल्या कापसाच्या बियाण्याची पिशवी 901 रुपयांना होती. गिऱ्हाइकाने तीन मागितल्या. मुलाने वर पाहत उत्तर दिलं, दोन हजार सातशे तीन. एक क्षण लागला नाही. वडिलांनी मुद्दाम कागद दिला, लिही. त्याने लिहिलं : 20007003. दोन हजार, सातशे, तीन. जसं ऐकलं तसं, पूर्ण. गिऱ्हाईक हसलं. वडील हसले नाहीत. त्यांनी तो कागद घडी करून गल्ल्यात ठेवला.

त्या आकड्याकडे नीट पाहिलं, तर त्यात मुलाच्या अडचणीची जागा नेमकी दिसते. बेरीज-गुणाकार त्याला येतात, किंमत कळते, स्थानिक किमतीची चौकट मात्र हातात उतरलेली नाही. चांगली शिक्षिका हा कागद पाहून उद्या काय शिकवायचं ते ठरवील. परीक्षेच्या पेपरात त्यावर लाल फुली पडते आणि शून्य.

असं का होतं हे तपासून घ्यायचं, तर कुठल्या भाषेत तपासायचं? घरात एक भाषा, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी. इंग्रजीत चाचणी घेतली आणि मूल अडखळलं, तर त्याला अध्ययन अक्षमता आहे की इंग्रजीच येत नाही? शाळेत कुणी नीट शिकवलंच नाही म्हणून वाचता न येणारी मुलं तर आपल्याकडे लाखांनी आहेत. मुलांचं वाचन तपासणाऱ्या ‘असर’च्या पाहण्या वर्षानुवर्षं तेच सांगत आल्या आहेत. तिसरीतल्या प्रत्येक न वाचणाऱ्या मुलाला डिस्लेक्सिया म्हणणं जितकं चूक, तितकंच प्रत्येकाला आळशी म्हणणं चूक. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात नंदिनी चॅटर्जी सिंग यांच्या पुढाकाराने ‘डाली’ नावाचा चाचणीसंच तयार झाला आणि 2015 मध्ये तो खुला झाला. हिंदी, कन्नड, इंग्रजी यांच्या जोडीला मराठीतही तो आहे. मूल ज्या भाषेत वाढतं त्या भाषेत त्याला तपासा, एवढंच त्याचं म्हणणं. प्रत्येक पंचायत समितीच्या गटसाधन केंद्रात तो असायला हवा.

करोनाच्या काळाने एक उपकार केला. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. शहरांतले पहिली ते सातवीचे आणि गावांतले पहिली ते चौथीचे वर्ग 1 डिसेंबर 2021 पासून उघडायला लागले. मधली दीड वर्षाहून जास्त मुदत ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाखाली घराघरांत शाळा होती, म्हणजे मोबाइल होता आणि शेजारी आई होती. वर्षानुवर्षं प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्या आई-वडिलांनी पहिल्यांदाच मुलाशेजारी बसून पाहिलं, की त्याला ओळ वाचता येत नाही. पुस्तक पाठ असल्यामुळे तो वाचल्याचा देखावा करतो. मोठ्या मुलांच्या या चतुराईने वर्गात अनेक वर्षं निभावून गेलेलं असतं. मुंबईतल्या रुग्णालयांत अशा मुलांची तपासणी केलेले डॉ. सुनील करंडे कितीतरी वर्षांपासून लिहीत आले आहेत, की मूल त्यांच्यापर्यंत पोचतं तेव्हा प्राथमिक शाळेची मोलाची वर्षं निघून गेलेली असतात.

महाराष्ट्राला याबाबतीत मान खाली घालायचं कारण नाही, निदान कागदावर तरी. 1996 साली अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा शासन निर्णय आपल्या राज्याने काढला. त्याच वर्षी केट करावाला यांच्या पुढाकाराने मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन उभी राहिली. जादा वेळ, लेखनिक, भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि कार्यानुभवाचा विषय : या सवलतींच्या आधाराने मुंबई-पुण्यातली हजारो मुलं दहावीची वेस ओलांडून पुढे गेली. मराठवाड्यात मात्र अनेक पालकांनी या सवलतींचं नाव मूल नववीत गेल्यावर ऐकलेलं असतं. माहिती शाळेने द्यायची असते. पण शाळेलाच ती नसते, किंवा निकालाची टक्केवारी राखायची म्हणून ती देण्याआधीच मुलाला दुसरीकडे वळवलेलं असतं.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने यादी सातवरून 21 प्रकारांवर नेली. विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता त्यात आली. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांनी सांगितलं, की तिसरीत किंवा आठव्या वर्षी शिक्षकांनीच मुलाची प्राथमिक चाचपणी करावी. प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर मिळेल, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी होईल. अतिचंचलता मात्र त्या 21 प्रकारांत स्वतंत्र म्हणून नाही. म्हणजे ज्या मुलाची एकट्या चंचलतेमुळे वर्गातून हकालपट्टी होते, त्याच्या आईच्या हातात प्रमाणपत्राचा कागदही येत नाही. ‘मस्तीखोर’, ‘आगाऊ’, ‘आईने बिघडवलाय’ हेच त्याचं निदान. ही उणीव दूर झाली पाहिजे.

घरी शिकवणं कायद्यात बसतं का, हा प्रश्न प्रत्येक आई दबक्या आवाजात विचारते. शिक्षण हक्क कायद्याचं दहावं कलम म्हणतं, सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शेजारच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य आहे. पण ते केलं नाही म्हणून पालकांना शिक्षा कायद्यात कुठे नाही. 2012 च्या दुरुस्तीने बहुविकलांग आणि तीव्र दिव्यांग मुलांना गृहाधारित शिक्षण निवडण्याचा हक्क दिला. समग्र शिक्षा योजनेतले विशेष शिक्षक अशा मुलांच्या घरी जातात. आपल्या नऊ वर्षांच्या मुलाची अडचण मात्र ‘तीव्र’ नाही. तो धावतो, बोलतो, हिशेब करतो. त्याच्यासाठी घरी कुणी येत नाही. त्याला ना बंदी, ना नोंदणी, ना मदत. अशा मधल्या मुलांची संख्या सर्वांत मोठी असते आणि त्यांच्यासाठीच कायदा गप्प आहे.

घरशिक्षणाची बाजू मांडणारे लोक हमखास मालविका राज जोशीचं नाव घेतात. मुंबईच्या या मुलीला आई सुप्रियाने सातवीत शाळेतून काढलं, घरी शिकवलं. प्रोग्रॅमिंगच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये तिने पदकं मिळवली आणि 2016 मध्ये तिला अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये प्रवेश मिळाला. बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंद होतं. तिचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण रव्याच्या ताटासमोर बसलेल्या आईला हे उदाहरण देऊ नये. मालविकाला शाळा पुरत नव्हती. या मुलाला शाळा पुरून उरली आहे. व्हॉट्सॲपवर फिरणारी एडिसनच्या आईची आणि शिक्षिकेच्या चिठ्ठीची गोष्टही देऊ नये. आई नॅन्सीने एडिसनला शाळेतून काढून घरी शिकवलं हे खरं. पण ती स्वतः शिक्षिका होती, आणि चिठ्ठीचा प्रसंग कुणीतरी रचलेला आहे. आपल्या मुलाला मोठा शास्त्रज्ञच झालं पाहिजे असं ओझं त्या गोष्टीतून आईच्या डोक्यावर येतं. मुलाने सातबारा वाचावा, बँकेचा फॉर्म भरावा, फसवणूक ओळखावी आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं, हे मागणं पुरेसं मोठं आहे.

आपल्याला जवळचं उदाहरण हवंच असेल, तर पंडिता रमाबाईंच्या आईचं आहे. एकोणिसाव्या शतकात अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाने त्यांचा छळ केला. ते रानात जाऊन राहिले. पुढे लक्ष्मीबाई पहाटे, घरकामाला लागण्याआधी, छोट्या रमेला शिकवत. शाळेचं दार मुलींना बंद होतं म्हणून घरात शाळा भरली. समाजाने ज्या मुलांना बाहेर ठेवलं, त्यांना आयांनी घरात शिकवल्याचा हा इतिहास आपल्याकडचाच आहे. पण मुलींच्या शाळाही निघाल्या. आई शिकवते आहे ना, मग शाळा कशाला, असं फुले म्हणाले नाहीत, रानडे म्हणाले नाहीत.

घरातल्या शाळेत या मुलाला खरंच बरं वाटतं. पोटदुखी थांबते, रात्रीचं दचकणं थांबतं. ‘मी ढ आहे’ हे वाक्य महिन्या-दोन महिन्यांत ऐकू येईनासं होतं. दिवसाला दोन तास मन लावून केलेलं काम वर्गातल्या सहा तासांना भारी पडतं. पण साडेपाचला गल्लीतली पोरं क्रिकेट खेळायला जमतात, तेव्हा त्यांच्या बोलण्यात वर्गातली भांडणं, सरांच्या नकला, सहलीचे बेत असतात. याच्याकडे त्यातलं काही नसतं. आणि आईची नोकरी सुटते, माहेरची लग्नं चुकतात, नवरा-बायकोत ‘तुझ्यामुळेच’ सुरू होतं. मूल सुधारलं तर ते आपोआप सुधारलं आणि नाही सुधारलं तर आई कमी पडली. मूल शिकवायला बसलेल्या आईला आठवड्यातून एक दुपार कुणी तरी सुट्टी दिली पाहिजे, हे कुठल्याच योजनेत लिहिलेलं नाही.

साठ किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात, अंबिका टाकळकर यांनी आपल्या स्वमग्न मुलाला वाढवता वाढवता इतर मुलांसाठी ‘आरंभ’ हे केंद्र उभं केलं. घरातून सुरू झालेल्या कामाला संस्थेचं रूप आलं. जालन्यात अशा पाच-सहा आया एकमेकींना भेटल्या, आठवड्यातून दोन दुपारी मुलं एकत्र बसवली, तरी अर्धं ओझं उतरेल. सदर बाजारातल्या एखाद्या मंगल कार्यालयाची रिकामी खोलीदेखील पुरे.

शहरात 2024 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, शंभर विद्यार्थ्यांचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली आपल्याच राज्यात, पालघरहून सुरू झाला. अध्ययनातल्या अडचणी, अतिचंचलता आणि स्वमग्नता त्याच्या तपासणीच्या यादीत आहेत. महाविद्यालयात बालरोग आणि मनोविकार हे विभाग असणारच. या दोन विभागांनी मानसतज्ज्ञ आणि विशेष शिक्षक जोडीला घेऊन आठवड्यातून एक वार ठरवावा, मराठी, हिंदी आणि उर्दू बोलणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत तपासावं आणि प्रमाणपत्र जालन्यातच द्यावं. त्यासाठी नवी इमारत नको, नवा कायदाही नको. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांनी प्रत्येक शाळेकडून वर्षाला एक साधा तक्ता मागवावा : ‘पालकांच्या विनंतीवरून’ किती मुलं गेली आणि ती आज कुठे आहेत.

आणि पालकांना कळकळीची विनंती. रागाच्या भरात टीसी काढू नका. कोरा कागद पुढे आला, तर त्यावर टीसीचा अर्ज लिहू नका. मुलाची तपासणी व्हावी आणि कायद्याप्रमाणे त्याला मदत मिळावी, असा अर्ज लिहा, एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि दुसरीवर शाळेच्या शिक्क्यानिशी पोच घ्या. घरी जरूर शिकवा, पण शेजारच्या महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या शाळेत का होईना, मुलाचं नाव पटावर राहू द्या, निदान पाचवीपर्यंत. पुढे बाहेरून दहावीला बसण्यासाठी 17 नंबरचा फॉर्म भरताना पाचवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा आणि वयाची चौदा वर्षं लागतात. शाळा अजिबातच जमली नाही, तर 2017 साली स्थापन झालेलं राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ पाचवी, आठवी आणि पुढच्या पातळीची परीक्षा घेतं. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि एकेक विषय सोडवत जाता येतं. आठ वर्षं पूर्ण झाली, की तपासणी करून प्रमाणपत्राला लागा, नववीची वाट पाहू नका. दाखला एकदा हातात आला, की तो कुणी मागितला होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावरच येते.